दगडावरचा आळ

अण्णा, तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. माणसं भेटायला येतात, "लई चांगला माणूस होता ओ" म्हणतात, मी मान हलवते, चहा देते. मनात म्हणते, चांगला होता, व्हय, पण माझ्याशी काय वागला ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे? गेलेल्या भावाविषयी बहिणीनं असं बोलू नये, हे मला कळतं. निपाणीच्या शाळेत इतकी वर्षं पोरींना मराठी शिकवतेय. कुठं काय बोलावं हे मीच दुसऱ्यांना सांगत असते. पण तू होतास तोवर नऊ वर्षं तोंड दाबून बसले. आता बसणार न्हाय.

नऊ वर्षांपूर्वी आईचे मासे कशानं मेले, एवढाच आपला वाद. तू चारचौघांत म्हणालास, माझ्या दगडानं मेले. ते वाक्य तू मागं घ्यावंस, एवढंच मला हवं होतं. चारचौघांत नको, परसात नको, मेल्या फोनवर तरी. "शके, तुझा दगड चांगला होता." एवढ्याला किती श्वास लागतो? तू तेवढाही खर्चला न्हाईस.

आईला अर्धांगाचा झटका आला, तिची उजवी बाजू गेली, बोलणं तीन-चार शब्दांवर आलं, तेव्हा मी निपाणीहून दर रविवारी यायचे आणि पलंगाशी बसून रडायचे. तू रडला न्हाईस. मागच्या खोलीतली तुझी माशांची टाकी चौघांना बोलावून उचललीस आणि बेळगावच्या तुझ्या खासबागच्या घरात पुढच्या सोप्यात, आईच्या पायथ्याशी, तिला उशीवरनं दिसेल अशी मांडलीस. आई दिवसभर छताकडं बघायची ती टाकीकडं बघायला लागली. एका जाड्या नारिंगी माशाला ती हात वर करून "सर-पंच" म्हणाली, तेव्हा आपण सगळे पोट धरून हसलो. तिच्या माहेरचा सरपंच अगदी तसाच गाल फुगवून चालायचा. हे तुझ्याशिवाय कुणालाही सुचलं नसतं. रागात असले तरी एवढं मी विसरलेले न्हाय.

मग तुझ्या डोक्यात आलं की नुसत्या काचेत आईला करमायचं न्हाय, आत खरं लाकूड पाहिजे, खरे दगड पाहिजेत. उन्हाळा होता. हिडकलच्या धरणाचं पाणी उतरलं होतं, काठावर जुन्या झाडांची मुळं उघडी पडली होती. त्यातलं एक हातभर मूळ तू स्कूटरला बांधून आणलंस. वहिनींनी कपाळाला हात लावला. "सरपण आणलंय का ओ?" तू त्यांच्याकडं बघितलंसुद्धा न्हाईस. परसात बसून तारेच्या ब्रशनं ते घासत राहिलास आणि मला शेजारी बसवून घेतलंस.

"शके, नख रोवून बघ. आत गेलं तर लाकूड कुजलंय, टाकून द्यायचं. चीक लागला हाताला, तरीबी टाकून द्यायचं. मेलेलं, वाळलेलं, कडक, तसलंच घ्यायचं."

"आणि साल?"

"सगळी काढायची. साल पाण्यात सुटती, कुजती."

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुझी सगळी नोकरी झाली आणि घरातही तू तसाच वागायचास. सगळ्याला नियम. लाकूड उकळायचं तर परसातला तांब्याचा बंब रिकामा होता, पण तू त्याला हात लावू दिला न्हाईस. तांबं माशांना बाधतं म्हणून. वहिनींचं लग्नाकार्यातलं ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं काढायला लावलंस, आणि त्यात ते मूळ मावेना म्हणून अर्धं आज, उलटं करून अर्धं उद्या, असं चार दिवस उकळलंस. नंतर निळ्या पिंपात बुडवलंस. लाकूड तरंगायला लागलं की वर कपडे धुवायचा दगड. पाणी रोज बदलायचं. रोज सकाळी कोऱ्या चहासारखं तांबडं पाणी तू वहिनींच्या जास्वंदीला घालायचास आणि मला फोनवर सांगायचास, "आज जरा फिकं आलंय." सव्वा महिना हेच. माझ्या लग्नात तरी इतकी विचारपूस केली होतीस का रं?

दगडांचे नियम तर विचारूच नकोस. साबण लावायचा न्हाय, नुसता ब्रश आणि पाणी. चुलीवर उकळायचा न्हाय, आत ओल असती, फुटला तर डोळा जाईल; बादलीत ठेवून वरनं कढत पाणी ओतायचं. आणि त्याआधी प्रत्येक दगडावर ॲसिडचे दोन थेंब. फेस आला की दगड चुन्याचा, बाहेर. कॉलेजातल्या बाटलीतलं थोडंसं तू घेऊन यायचास, हातमोजा घालून, मला चार पावलं लांब उभं करून थेंब टाकायचास आणि कान लावून ऐकायचास.

त्याच दिवसांत आईनं टाकीकडं बोट करून "नदी" म्हटलं. तुला वाटलं ती पाण्याला नदी म्हणतेय. मला कळलं. तिचं माहेर वेदगंगेच्या काठावर, लग्नापर्यंत तिनं त्या पाण्यात धुणं धुतलेलं. मी निपाणीला परत गेल्यावर मुद्दाम तिच्या माहेरच्या घाटावर गेले आणि एक काळा, गुळगुळीत दगड उचलून आणला. मधून एक पांढरी शीर गेलेली होती. घरातल्या एका पोत्यात गुंडाळला आणि एसटीनं बेळगावला आणला. मांडीवर घेऊन बसले होते, खाली ठेवला न्हाय.

दगड तू बादलीत टाकलास आणि पोतं हातात घेऊन म्हणालास, "हे बरं झालं." तुझं लाकूड पिंपात तयार झालं होतं, पण टाकी नव्यानं लावायला अजून आठ दिवस होते, आणि उघड्यावर ठेवलं तर ते वाळून तडकणार, परत तरंगणार. तू पोतं भिजवलंस, लाकडाला गुंडाळलंस आणि सावलीत ठेवलंस. वहिनी धुणं वाळत घालत होत्या, त्यांनी नाकाला पदर लावला.

"ह्या पोत्याला कसला ओ वास येतोय? डोकं चढलं माझं."

तू पोत्याला नाक लावलंस. मीही लावलं. "कसला वास?" असं आपण दोघं एकदमच म्हणालो. मग तू म्हणालास, "बेळगावची नाकं लई नाजूक," आणि आपण बहीणभाऊ खो खो हसलो. बिचाऱ्या वहिनी परत धुण्याकडं वळल्या.

पुढच्या रविवारी मी आले. तू टाकी लावायला घेतलीस, लाकूड ठेवलंस, बाकीचे दगड ठेवलेस, आणि माझा दगड बाहेरच. "ॲसिड संपलंय. उद्या कॉलेजातनं आणतो, बघतो, मग घालू. ही पांढरी शीर मला पसंत न्हाय."

"आईनं मागितलाय," मी म्हणाले. "नदीतला काळा दगड हाय रं, त्यात कुठला चुना? मी आज संध्याकाळी जाणार. तिनं बघितलेलं मला बघायचंय."

तू कधी कुणाचं ऐकलं न्हाईस, त्या दिवशी माझं ऐकलंस. दगड आत गेला. मी आईच्या कानात म्हणाले, "आई, वेदगंगेतला." ती अर्ध्या तोंडानं हसली. डोळ्यांतनं पाणी आलं, ते मीच पुसलं.

जेवणं उरकेपर्यंत मासे बिथरले होते. काचेवर आपटत होते, गोल गोल फिरत होते, वर येऊन तोंडं उघडत होते. सरपंच आडवा झाला. तू बादल्यांनी पाणी काढलंस, ताजं पाणी घातलंस, मी हातानं मासे उचलून परातीत टाकत होते. चार वाजेपर्यंत एक राहिला न्हाय. आई डावा हात पलंगावर आपटत होती, सारखी, आणि आपल्यापैकी कुणाला तिचं तोंड दुसरीकडं करायचंही सुचलं न्हाय.

मामा आले होते, शेजारचे दोघं-तिघं दारात जमले होते. तू टाकीत हात घातलास, माझा दगड काढलास आणि तसाच निथळता माझ्या मांडीवर ठेवलास.

"घे तुझी नदी. तपासू दिला न्हाईस ना? आईच्या डोळ्यांदेखत मारलेस."

माझं लुगडं भिजलं. मामांनी मान खाली घातली.

एकोणीस दिवसांनी आई गेली. त्या एकोणीस दिवसांत तिनं फारसं काही खाल्लं न्हाय. माझ्या हातनं दोन घोट, वहिनींच्या हातनं दोन. तुझ्या हातनं एकही न्हाय. तू पेजेची वाटी घेऊन आलास की ती भिंतीकडं तोंड फिरवायची. एकदा तू वाटी घेऊन स्वयंपाकघरात आलास, ओट्याला टेकून उभा राहिलास आणि मला विचारलंस, "आई माझ्यावर का रुसलीय गं?" मी भांडी घासत होते. "मला काय माहीत," म्हणाले.

आईचे दिवस झाल्यावर मी तो दगड शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडं नेला. त्यांनी पांढऱ्या शिरेवर थेंब टाकले, काळ्यावर टाकले. काही झालं न्हाय. चुर्रर्रसुद्धा न्हाय. वर सर म्हणाले, "बाई, दगड चुन्याचा असला तरी मासे असे एका दुपारीत मरत न्हाईत. पाणी जड व्हायला दिवस जातात." जे आमच्या सरांना ठाऊक, ते तुला ठाऊक नव्हतं? रसायनांच्या बाटल्यांत आयुष्य घालवलेल्या माणसाला? तू माझ्या मांडीवर दगड ठेवलास तेव्हाच तुला कळायला पाहिजे होतं की हे दगडाचं काम न्हाय.

मी पहिली एसटी धरून आले. दगड तुझ्या परसातल्या कट्ट्यावर आदळला. "घे. तपासला. सुटला निर्दोष." तू दगडाकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "चल, जेवून घे." मी जेवले न्हाय. दगड तिथंच टाकून निघून आले.

पुढची नऊ वर्षं कशी गेली ते तुलाही माहीत आहे. भाऊबीजेला बाराला यायचे, ओवाळायचे, चारच्या एसटीनं परत. पाऊस कसा आहे, गुडघा कसा आहे, चिकोडीच्या मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का. तू नवी टाकी केलीस, नवे मासे आणलेस, दर उन्हाळ्यात नवं लाकूड पिंपात घातलंस. मी सोप्यात टाकीकडं पाठ करून बसायचे. तू एकदा विचारलंस, "बघ तरी, केवढं छान आलंय." मी म्हणाले, "मला मासे आवडत न्हाईत." तू टाकीवरचा दिवा बंद केलास. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आणि आता वहिनी. तेरावं झालं, पाहुणे पांगले, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी परस झाडत होतो. त्या झाडू टाकून कट्ट्यावर बसल्या.

"वन्सं, एक सांगू? रागवायचं न्हाय बघा."

"सांगा."

"ते मासे दगडानं न्हाय मेले. पोत्यानं मेले. तंबाखूचं पोतं होतं ते."

मला आधी कळेचना. मग कळलं. निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाला तंबाखूची वखार, घरातली सगळी पोती तिथलीच. लहानपणी आपले वडील, आप्पा, वखारीतनं कामावरनं आले की त्यांच्या सदऱ्याला तोच वास, आपल्या अंथरुणाला तोच, पाटी-दप्तराला तोच. निपाणीत वाढलेल्याला तो वास कधी वेगळा येतच न्हाय. आठ दिवस ते लाकूड ओल्या तंबाखूत मुरत पडलं होतं, आणि सव्वा महिना उकळून, भिजवून, धुऊन शुद्ध केलेलं, पण आता विष पिऊन बसलेलं ते लाकूड आपण आईच्या माशांत नेऊन ठेवलं. घरात एकीच्या नाकाला कळलं, तर तिला आपण हसलो.

वहिनी सांगत होत्या, पुढच्याच उन्हाळ्यात माळ्यावर ते पोतं तुला सापडलं. तू बराच वेळ त्याच्याकडं बघत उभा होतास. मग त्याचा एक तुकडा कापून बादलीत भिजवलास आणि दोन गप्पी मासे सोडलेस. थोड्या वेळात ते तडफडायला लागले. तू पायरीवर बसलास, दुपारचं जेवला न्हाईस.

"मी म्हटलं, आधी वन्संना फोन करा," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणाले, आता सांगून काय उपेग? बस्स, एवढंच. पोतं जाळलं. परत कधी विषय काढला न्हाय."

आठ वर्षं, अण्णा! आठ भाऊबीजा तू माझ्यासमोर पाटावर बसलास, मी तुला ओवाळलं, आणि तुझ्या पोटात हे होतं. मी रात्रंदिवस ह्याच्यावर विचार करतेय. कधी वाटतं, पोतं माझं होतं म्हणून तू बोलला न्हाईस. शकीला कळलं तर दगडाचं ओझं उतरेल आणि पोत्याचं चढेल, असं तुला वाटलं असेल. मग लगेच वाटतं, कसलं काय! लाकडाला पोतं तू गुंडाळलंस. सगळं तपासणारा माणूस, एक पोतं तपासलं न्हाईस, आणि ते तुला कबूल करायचं नव्हतं. तू मला वाचवत होतास का स्वतःला? वहिनींना विचारलं, त्यांना माहीत न्हाय. ज्याला माहीत होतं तो पिंपाचं झाकण लावून निघून गेला.

ते पिंप मी उघडलं. तू शेवटचं घातलेलं लाकूड आत होतं, तू गेल्यापासून पाणी कुणी बदललेलं नव्हतं, काळं झालं होतं. आत हात घातला तर लाकडाच्या वर दगड लागला. बाहेर काढला. पांढरी शीर. लाकूड लगेच उसळून वर आलं.

"दर वर्षी तोच ठेवायचे," वहिनी म्हणाल्या. "धुण्याचा दगड मला परत दिला. हा बरोबर वजनाचा हाय म्हणायचे."

मला वाटलं, मी रडेन. रडू आलं न्हाय, संतापच आला. माझा दगड तुला चालत होता. आठ उन्हाळे रोज सकाळी उचलत होतास, पाणी बदलत होतास, परत ठेवत होतास. त्याच्याशी तुझा समेट झाला होता. मला तेवढं सांगायचं राहिलं! दगड पिशवीत घालून निपाणीला न्यायचा, असं ठरवून मी परसाच्या दारापर्यंत गेले. मग परत फिरले. पिंप रिकामं केलं, वहिनींच्या जास्वंदीला पाणी घातलं, ताजं भरलं, लाकूड खाली दाबलं आणि दगड वर ठेवला. वहिनी घरात गेल्यावर तिथंच कट्ट्यावर बसले.

आता तू माझं ऐक. मीही तुला एक गोष्ट सांगितलेली न्हाय.

त्या संध्याकाळी तू मासे पुरायला परसात गेला होतास. सोप्यात मी आणि आई, दोघीच. माझं लुगडं दगडाच्या पाण्यानं ओलं होतं, अंगाची लाही होत होती. आईनं डाव्या हातानं रिकाम्या टाकीकडं दाखवलं आणि विचारलं, "कुणी?" एकच शब्द, पण स्वच्छ. झटका आल्यापासून इतका स्वच्छ शब्द तिच्या तोंडून आला नव्हता. मी म्हणू शकले असते, आजार आला गं. म्हणू शकले असते, माझ्या दगडानं. तू सगळ्यांसमोर माझी लाज काढली होतीस, आणि मला ते कुणालातरी परत द्यायचं होतं. मी तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "अण्णानं मारले."

तिनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवसापासून तिनं तुझ्या हातचं खाल्लं न्हाय.

हे मी तुला सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. पण आधी तू म्हणायचंस, शके, तुझा दगड चांगला होता, आणि मग मी सांगायचं, असं मनाशी धरून बसले. दर भाऊबीजेला वाट बघायची. आधी तू, मग मी. तू आधी बोलला न्हाईस, आणि मग मीही बोलले न्हाय, आणि चारची एसटी गाठली.

आता सांगून काय उपेग, म्हणशील. काही उपेग न्हाय. पण ओट्याला टेकून, थंड पेजेची वाटी हातात धरून तू मला विचारलं होतंस ना, आई माझ्यावर का रुसलीय गं?

माझ्यामुळं, अण्णा. माझ्यामुळं.